आवाज थांबले, तरी भावाकडचे लक्ष काढू नका

पत्र (थोडक्यात, नाव व गाव वगळून)

माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा आहे आणि पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. होस्टेलवरची मुले आपल्यावर पाळत ठेवतात, आपल्या मनातले त्यांना मोबाइलवरून कळते, असे तो गेल्या पावसाळ्यात म्हणू लागला. पुढे त्याला आवाज ऐकू येऊ लागले. पत्रिका, जागेचा दोष, बाहेरची बाधा यांत आमचे काही महिने गेले. शेवटी त्याला रुग्णालयात ठेवावे लागले आणि डॉक्टरांनी सायकोसिसचे (भास-भ्रमांमुळे वास्तवाचे भान सुटते त्या मानसिक आजाराचे) निदान केले. घरी येऊन त्याला महिना झाला. आवाज जवळजवळ थांबले आहेत. बाबा म्हणतात, तो बरा झाला, आता जुने उकरून काढू नका. काका म्हणतात, गोळ्यांनीच सुस्त झालाय, बंद करा. आईला त्याला देवस्थानी न्यायचे आहे. मला मात्र त्याच्या शांतपणाची भीती वाटते. आपली सायकल आणि सगळी पुस्तके त्याने चुलतभावाला देऊन टाकली. रात्री तो खोलीत येरझाऱ्या घालतो, पाय एका जागी ठरत नाहीत म्हणतो. माझ्या लग्नाचे पाहणे सुरू आहे; एक स्थळ फिरल्यावर तो मला म्हणाला, “माझ्यामुळे तुझं जमत नाही ना? मी नसतो तर बरं झालं असतं.” पुढची तपासणी अजून तीन आठवड्यांनी आहे. त्याच्या मनात मरणाचे विचार आहेत का, हे मी विचारावे का? विचारल्याने ते त्याच्या डोक्यात घातल्यासारखे होईल का? की मी उगाच घाबरते आहे?

उत्तर

ताई, स.न.वि.वि.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे आधी देते आणि कारणे नंतर, कारण कारणे वाचण्यात संध्याकाळ जाऊ नये. त्याला विचारा, आणि आजच विचारा. विचारल्याने मरणाचा विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. तुम्ही उगाच घाबरत नाही. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी निदान तीन अशा आहेत, की ज्या ऐकल्यावर कोणताही मानसोपचारतज्ज्ञ तीन आठवडे थांबणार नाही. म्हणून उद्या सकाळी त्याच्या डॉक्टरांना फोन करा आणि सायकल-पुस्तके देऊन टाकणे, “मी नसतो तर बरं झालं असतं” हे वाक्य आणि रात्रीची ती अस्वस्थता, या तिन्ही गोष्टी मोघम न ठेवता जशा घडल्या तशा सांगून तपासणीची तारीख अलीकडे आणा. डॉक्टर भेटत नसतील, तर जवळच्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात घेऊन जा. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाही. परंतु कशासाठी थांबू नये, एवढे पत्रावरून नक्की सांगता येते.

पहिल्या झटक्यानंतर आवाज थांबले की घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडतो. इतक्या महिन्यांच्या धावपळीनंतर वडिलांना आता हा विषयच नको वाटावा, हे मी समजू शकते. परंतु सायकोसिसमध्ये जिवाला धोका असतो तो केवळ भास आणि भ्रम जोरात असतानाच, हा समज अपुरा आहे, आणि त्या समजापायी घरे नेमकी नको त्या वेळी निर्धास्त होतात. आजाराची पहिली काही वर्षे, त्यांतही पहिल्या उपचारांच्या आसपासचा काळ आणि रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे पहिले आठवडे, हे या आजारात सर्वाधिक जपण्याचे दिवस असतात. डेन्मार्कमध्ये रुग्णालयीन उपचारांची देशव्यापी नोंद ठेवली जाते. मानसिक आजारासाठी दाखल झालेल्या लोकांच्या त्या नोंदी तपासल्या असता, दाखल झाल्यानंतरचा पहिला आठवडा आणि घरी सोडल्यानंतरचा पहिला आठवडा, असे धोक्याचे दोन उंचवटे स्पष्ट दिसले. घरी सोडले याचा अर्थ रुग्णालयात ठेवण्याची गरज उरली नाही, एवढाच असतो. आपल्याकडे तो ‘बरा झाला’ असा घेतला जातो.

असे का होते, हे नीट समजून घ्या, कारण त्यावरच भावाशी काय बोलायचे हे ठरणार आहे. आजार भरात असतो तेव्हा मुलाचे सारे लक्ष बाहेरच्या ‘शत्रूंवर’ असते: पाळत ठेवणारी मुले, मोबाइल, आवाज. औषधाने ते शत्रू विरले की त्याची नजर स्वतःकडे वळते. पूर ओसरल्यावर घरात गाळ किती साचला ते दिसावे, तसे त्याला आता दिसू लागते. वर्ष गेले. बरोबरची मुले शेवटच्या वर्षाला जाऊन प्लेसमेंटच्या तयारीला लागली. आपण होस्टेलवर काय काय बोललो आणि कोणावर काय आरोप केले, ते आठवून शरमेने त्याला कोणाचा फोन घ्यावासा वाटत नाही. आपल्याला जो आजार झाला, त्याला गावात लोक कोणत्या शब्दाने हाक मारतात, हेही त्याला ठाऊक असते, कारण आजारी पडण्याआधी कदाचित त्यानेही तोच शब्द वापरलेला असतो. सायकोसिसनंतर येणारे नैराश्य हे असे असते, आणि बाहेरून ते पुष्कळदा केवळ ‘शांतपणा’ म्हणून दिसते.

आपल्याला आजार झाला आहे हे कळणे उपचारासाठी चांगले असते. त्यामुळेच माणूस गोळ्या घेतो. मात्र ती जाणीव येते आणि तिच्या जोडीला आशा येत नाही, तेव्हा तीच जीवघेणी ठरू शकते. म्हणून ज्या मुलांकडून घराच्या अपेक्षा मोठ्या होत्या, जी अभ्यासात पुढे होती, त्यांच्याबाबतीत अधिक सावध राहावे लागते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तरुण वय, पुरुष असणे, आधी केलेला प्रयत्न, सोबतचे नैराश्य, दारू किंवा गांजा, औषधे मध्येच सोडणे आणि ‘आता काही उरले नाही’ ही भावना, या गोष्टी धोका वाढवतात. आवाज पूर्ण थांबले नसतील आणि उरलेले आवाज ‘स्वतःला संपव’ असे हुकूम देत असतील, तर तोही एक स्वतंत्र धोका असतो. होस्टेलवर गांजाशी संबंध आला होता का, हे त्याला न रागावता विचारा आणि डॉक्टरांना कळू द्या. पोलिसांसाठी नव्हे, उपचारासाठी ते कळणे आवश्यक आहे.

आता आकड्यांविषयी, कारण मोबाइलवर तुम्ही ते शोधणारच. स्किझोफ्रेनिया (सायकोसिसचा एक दीर्घकाळ चालणारा प्रकार) झालेल्या दहांपैकी एकाचा मृत्यू आत्महत्येने होतो, असे जुन्या पुस्तकांत असे. २००५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात हे आयुष्यभराचे प्रमाण सुमारे ५ टक्के निघाले, आणि त्यातले मृत्यू मुख्यतः आजाराच्या सुरुवातीच्या काळातले होते. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण फार मोठे आहे, म्हणून मी इतक्या निकडीने लिहिते आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की शंभरांतील पंचाण्णव जण या मार्गाने जात नाहीत, आणि सर्वाधिक धोक्याचा काळ आयुष्यभर पुरणारा नसतो. तुम्हाला जन्मभर त्याच्या उशाशी जागत बसायचे नाही. पुढचे काही महिने, आणि त्यातही हे आठवडे, जपायचे आहेत.

त्याला कसे विचारायचे, याबद्दल सविस्तर लिहिते. दोघेच असाल अशी वेळ निवडा. घरात पाहुणे नसावेत, आई स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत नसावी. समोरासमोर बसणे त्याला जड जात असेल, तर संध्याकाळी दोघे फिरायला जा. चालताना बोलणे सोपे जाते. आडवळणाने ‘बरं वाटतंय ना?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. तो जे बोलला तेथूनच सुरुवात करा. उदाहरणार्थ: “त्या दिवशी तू म्हणालास, मी नसतो तर बरं झालं असतं. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुला कधी असं वाटतं का, की मरून जावं? जीव द्यावा असं मनात येतं का?” हे शब्द उच्चारताना तुमचा आवाज कापला तरी चालेल. शब्द मात्र स्पष्ट असू द्या. ‘तसलं काही’, ‘वाईट विचार’ असे झाकलेले शब्द वापरले, की ही गोष्ट ताईलाही उच्चारवत नाही, म्हणजे ती सांगण्यासारखी नाही, असेच तो समजेल.

विचारल्याने विचार पेरला जातो, ही भीती तुम्हालाच वाटते असे नाही. कित्येक शिक्षकांना आणि काही डॉक्टरांनाही ती वाटते. या प्रश्नावर संशोधकांनी मुद्दाम अभ्यास केले आहेत, शाळकरी मुलांवरही केले आहेत, आणि त्यांत असे विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढल्याचे आढळले नाही. आधीच त्रासात असलेल्यांना तर थोडे हलके वाटल्याचे दिसले. ज्याच्या मनात तो विचार नाही, तो ‘छे, काहीतरीच काय’ म्हणेल. ज्याच्या मनात आहे, तो कित्येक दिवसांपासून एकट्याने तो वागवत असतो, आणि आपल्याला कोणीतरी हे विचारले यानेच त्याच्या मनावरचा काही भार उतरतो.

तो ‘हो’ म्हणाला, तर पहिली काही मिनिटे फक्त ऐका. ‘आई-बाबांचा तरी विचार कर’, ‘तुला काय कमी आहे’, ‘असे विचार मनात आणायचे नाहीत’, ही वाक्ये प्रेमापोटी येतात, पण आपण घरावर ओझे आहोत असे ज्याला वाटते आहे, त्याला ती आणखी एका अपराधासारखी ऐकू येतात. ‘किती दिवसांपासून वाटतंय?’, ‘कधी जास्त वाटतं?’, ‘कसं करायचं हे ठरवलं आहेस का?’, ‘ते आवाज तसं सांगतात का?’ असे एकेक विचारा. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. ‘तुझ्या डॉक्टरांना सांगावं लागेल, आणि तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन’ असे सांगा. त्याने काही ठरवले असेल, साधन जवळ ठेवले असेल, किंवा आवाज हुकूम देत असतील, तर ती तातडीची वेळ आहे. तेव्हा त्याला क्षणभरही एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क आणि मराठीतूनही बोलते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. हा क्रमांक तुमच्या, भावाच्या आणि आईच्या अशा तिन्ही मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवा, आणि तो केवळ भावासाठी आहे असे समजू नका. काय करावे हे सुचेनासे होईल त्या रात्री तुम्हीही तेथे बोलू शकता. मात्र प्रत्यक्ष धोका समोर असताना फोनवरचे समुपदेशन रुग्णालयाची जागा घेऊ शकत नाही.

तो ‘नाही’ म्हणाला, तरी एका ‘नाही’वर विषय मिटवू नका. चार दिवसांनी पुन्हा विचारा, आणि हे तुम्ही विचारत राहणार आहात असे त्याला सांगून ठेवा.

घरात एक काम मात्र त्याच्या उत्तराची वाट न पाहता करायचे आहे. घरातील सगळी औषधे, त्याच्या स्वतःच्या गोळ्या आणि आजी-आजोबांच्या गोळ्या धरून, एका कुलपात ठेवा आणि त्याला रोजच्या रोज त्या दिवसापुरत्याच द्या. तुमची शेती असेल, तर फवारणीची औषधे घरातून आणि गोठ्यातूनही हलवून दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. ‘ज्याला करायचेच आहे तो काहीही करतो’ असे काका म्हणतील. ते खरे नाही. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुधा लाटेसारखी चढते आणि ओसरते, आणि त्या वेळात हाताशी साधन नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतरच्या वीस वर्षांत ते सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. माणसांची दुःखे तेवढी उतरली नव्हती. एका कुलपाचा उपयोग किती, याची शंका येईल तेव्हा हे आठवा. कुलूप लावण्याचे कारण भावापासून लपवू नका. आपल्यावर पाळत ठेवली जाते या भ्रमातून जो नुकताच बाहेर येतो आहे, त्याच्या पाठीमागे घरात कुजबुज आणि लपवालपवी चालू राहिली तर ते त्याला फार त्रासाचे होईल. जे कराल ते त्याला सांगून करा.

पाय ठरत नाहीत आणि तो रात्री येरझाऱ्या घालतो, असे तुम्ही सहज लिहिले आहे; मला ती तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाच्या ओळींपैकी एक वाटते. सायकोसिसवरील काही औषधांनी अशी आतून घुसळून काढणारी अस्वस्थता येते. माणसाला बसवत नाही, झोपवत नाही, आणि ती इतकी असह्य होऊ शकते की तेवढ्यानेही जीव नकोसा होतो. घरच्यांना ती चिंता किंवा हट्ट वाटते आणि रुग्णालाही ती शब्दांत सांगता येत नाही. औषधाची मात्रा कमी करून, औषध बदलून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन डॉक्टर ती पुष्कळदा थोड्या दिवसांत आटोक्यात आणतात. याच कारणाने काकांचा सल्ला अर्धा बरोबर आणि अर्धा घातक आहे: गोळ्यांचा त्रास होतो हे त्यांचे निरीक्षण खरे असू शकते, पण गोळ्या बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांत सुमारे ८२ टक्के जण पुन्हा आजारी पडले होते, आणि औषधे थांबवलेल्यांमध्ये हा धोका जवळजवळ पाचपट होता. बरे वाटू लागल्यावरही औषध निदान एक-दोन वर्षे चालू ठेवण्याचा सल्ला डॉक्टर देतात तो त्यामुळे. त्रासाची तक्रार डॉक्टरांकडे न्या, वारंवार न्या, आणि ऐकून घेतले जात नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. मात्रा घरात ठरवू नका.

डॉक्टरांना नैराश्याविषयीही स्पष्ट विचारा, कारण त्यावर वेगळे उपचार असतात. पुढेमागे नेहमीच्या औषधांनी भागले नाही आणि आत्महत्येचा धोका टिकून राहिला, तर क्लोझापिन नावाचे औषध आहे. स्किझोफ्रेनियामध्ये आत्महत्येचे प्रयत्न कमी करण्यासाठी याच औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००२ मध्ये खास मान्यता दिली. त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते, सुरुवातीचे महिने दर आठवड्याला, म्हणून ते सर्वांना पहिल्याच फटक्यात देत नाहीत. तुमच्या भावाला ते आज हवे असे मी म्हणत नाही. पुष्कळ उपाय अजून हातात आहेत, एवढे तुम्हाला ठाऊक असावे.

आईशी भांडू नका. तिला देवळात जायचे असेल तर जाऊ द्या, भावाची इच्छा असेल तर त्यालाही नेऊ द्या. तिच्या श्रद्धेने तिला धीर मिळत असेल तर या घराला त्या धीराची गरज आहे. अट एकच ठेवा, की प्रवासातही एकही गोळी चुकणार नाही आणि जेथे बांधून ठेवतात, मारतात किंवा उपाशी ठेवतात अशा ठिकाणी तो पाऊल ठेवणार नाही. बाधा उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे आणि मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सुरुवातीचे जे महिने गेले, त्यांचा दोष आईला किंवा स्वतःला देत बसू नका. आपल्याकडे बहुतेक घरे याच वाटेने डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. नॉर्वेतील एका भागात वर्तमानपत्रे, शाळा आणि डॉक्टर यांच्यामार्फत लोकांना सायकोसिसची पहिली लक्षणे शिकवली गेली, तेव्हा उपचाराविना जाणारा काळ इतर भागांतील सुमारे १६ आठवड्यांच्या तुलनेत ५ आठवड्यांवर आला, आणि तेथे पहिल्यांदा उपचाराला येणाऱ्या रुग्णांत आत्महत्येचा बेत किंवा प्रयत्न केलेल्यांचे प्रमाणही कमी आढळले. तुम्हाला याचा उपयोग पुढच्यासाठी आहे: झोप उडणे, पुन्हा संशय, एकटे बसणे असे काही दिसू लागले, तर या खेपेस महिने जाऊ देऊ नका.

वडिलांशी बोलणे तुम्हाला सर्वांत अवघड जाईल असे दिसते. त्यांना हे पत्रोत्तर वाचायला द्या. त्यांच्या मनात पोलिसांची भीतीही असू शकते, कारण आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे केस होते, असे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या ऐकलेले आहे आणि त्यापायी कित्येक घरे रुग्णालयात खरे बोलत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा होत नाही, आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ उरलेलेच नाही. याच २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा देणे बंधनकारक केले आहे. घरात आरोग्य विमा असेल तर कागदपत्रे काढून पाहा.

भावाच्या शिक्षणाविषयी घरात कोणीच त्याच्याशी बोलत नसेल, असा माझा अंदाज आहे, कारण विषय काढला तर त्याला वाईट वाटेल असे सर्वांना वाटते. परंतु कोणी विषयच काढत नाही याचा अर्थ तो ‘माझे शिक्षण संपले, हे सर्वांनी मान्य केले’ असा लावत असेल. त्याच्यापुढे मोघम आशा ठेवू नका. ‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य त्याने फार वेळा ऐकले आहे. त्याऐवजी डॉक्टरांकडून वैद्यकीय प्रमाणपत्र घ्या, कॉलेजमध्ये जाऊन वर्षाचा खंड कसा नोंदवला जातो, पुन्हा प्रवेश केव्हा घेता येतो, राहिलेले विषय केव्हा देता येतात, याची खरी माहिती आणा, आणि ती त्याच्यापुढे ठेवून त्यालाच ठरवू द्या. इंजिनिअरिंगमध्ये इयर डाऊन झालेली मुले प्रत्येक वर्गात असतात आणि पुढे पदवी घेऊन बाहेर पडतात, हे तुमच्यापेक्षा त्याला अधिक माहीत आहे. या सत्रात परत पाठवण्याची घाई मात्र करू नका. रोज ठरावीक वेळी उठणे, थोडे चालणे, जमेल तेव्हा एखादा विषय तासभर वाचणे, एका जुन्या मित्राशी बोलणे, एवढे सध्या पुष्कळ आहे. ते चुलतभावाला दिलेले सामान परत आणायचे का, हेही त्यालाच विचारा, आणि विचारताना ‘तुला ते पुढे लागणार आहे असं मला वाटतं’ हे मनापासून सांगा.

या सगळ्यात घरच्यांचा वाटा किती, याबद्दल मला एका अभ्यासाचा उल्लेख करावासा वाटतो. चेन्नईची ‘स्कार्फ’ ही संस्था आणि कॅनडातील माँट्रियलचा एक उपचार विभाग यांनी पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या तरुणांवर एकसारख्या पद्धतीने दोन वर्षे उपचार केले. निरुत्साह, अलिप्तपणा, कशातच मन न लागणे या लक्षणांबाबत चेन्नईतील तरुण अधिक सुधारले, आणि त्यामागे एक कारण असे दिसले की चेन्नईत कुटुंबे उपचारांत अधिक गुंतलेली राहिली. म्हणून तपासणीला त्याच्याबरोबर जा, त्याची हरकत नसेल तर आत बसा, आणि धोक्याची चिन्हे दिसल्यास कोणी काय करायचे, कोणाला फोन करायचा, कोणत्या गोष्टींनी त्याला त्या क्षणी बरे वाटते, हे तुम्ही, भाऊ आणि डॉक्टर अशा तिघांनी मिळून एका कागदावर लिहून काढा. तो कागद त्याच्या हस्ताक्षरात आणि त्याच्या खिशात असावा.

तुम्हालाही कोणीतरी हवे आहे. मूळचे खानदेशातले आणि कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक राहिलेले दिवंगत डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्यास शुभंकर म्हणण्याची पद्धत आपल्याकडे अशा संस्थांतूनच रुळली. अशा स्वमदत गटात एकदा जाऊन बसा. शक्य झाले तर वडिलांना न्या. जे ते डॉक्टरांकडून ऐकणार नाहीत, ते दुसऱ्या एका बापाकडून ऐकतील.

राहिला तुमच्या लग्नाचा प्रश्न. तो तुम्ही विचारलेला नाही, पण भावाच्या त्या वाक्यात तोच आहे. त्याला स्पष्ट सांगा, की ज्या घराला या आजाराची लाज वाटते त्या घरात तुम्हालाच जायचे नाही. ते तुम्हाला खरेच तसे वाटत असेल तरच सांगा, कारण खोटा धीर त्याला कळेल. सध्या दोन-तीन महिने पाहण्याचे कार्यक्रम थांबवता आले तर थांबवा, आणि थांबवण्याचे कारण तो नसून, या काळात तुम्हाला घरी निवांत राहायचे आहे, असे सांगा. पुढे स्थळे पाहाल तेव्हा ही गोष्ट लपवून लग्न ठरवू नका. प्राथमिक पसंती झाल्यावर आणि साखरपुड्याच्या आधी ती मुलाला तुम्ही स्वतः सांगा, मध्यस्थाकडून नको. परंतु आजार भावाचा आहे, म्हणून त्याबद्दल कोणाला काय आणि किती सांगायचे, हे आधी त्याला विचारा, आणि तो जेवढे म्हणेल तेवढेच सांगा.